स्पेअर डिस्क बाहेर, रेड-६ आत: मिरजेच्या स्टुडिओतल्या सर्व्हरच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

पितृपक्ष लागला. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओला आता पंधरवडाभर मुहूर्त नाहीत, त्यामुळे सर्व्हर उघडायला अण्णांनी, म्हणजे मालकांनी, एकदाचा होकार दिला. अट एकच: २२ तारखेला घटस्थापना आहे, त्या दिवशी एडिटिंगची तिन्ही मशिन्स नेहमीसारखी चालली पाहिजेत.

सध्याचा संसार असा. आठ खणांचं कॅबिनेट, डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), ८ जीबी रॅम, सिस्टिम वेगळ्या एसएसडीवर. डेटासाठी ४ टीबीच्या चार डिस्का रेड-५ मध्ये, म्हणजे चारींची मिळून एक मोठी डिस्क, त्यातली एक गेली तरी डेटा वाचतो; आणि पाचवी हॉट स्पेअर, म्हणजे एखादी गेली की आपोआप तिची जागा घ्यायला यंत्रात तयार बसलेली. वापरायला १२ टीबी. यंत्र मात्र १०.९ दाखवतं, कारण विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि यंत्र १०२४ च्या. त्यातलं ९४ टक्के भरलंय. ही अ‍ॅरे (डिस्कांचा हा जोडलेला संच) २०१५ साली डेबियन ८ वर २ टीबीच्या डिस्कांनी सुरू झाली, पुढे एकेक डिस्क बदलत ४ टीबीवर आली. फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची व्यवस्था, तीच, ईएक्सटी४.

करायचं ते: सात डिस्कांची रेड-६. पाच डिस्कांएवढी जागा, म्हणजे २० टीबी, आणि कुठल्याही दोन डिस्का गेल्या तरी डेटा शाबूत.

पहिलं काम पेन आणि चिकटपट्टीचं. एसडीबी, एसडीसी ही लिनक्सने डिस्कांना दिलेली नावं केबल हलवली की बदलतात, त्यांच्यावर विसंबून डिस्क उपसू नये. स्मार्टसीटीएल या आदेशाने प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर काढला आणि शेवटचे चार अंक ट्रेच्या तोंडावर चिकटवले. तिसऱ्या ट्रेवर आधीपासून एक चिठ्ठी होती. तिच्यावरच्या नंबरची डिस्क या यंत्रात आता नाहीच. कधीतरी डिस्क बदलली, चिठ्ठी राहिली. घाईत कुणी ती चिठ्ठी वाचून डिस्क ओढली असती तर रेड-५ मधली चालती डिस्क हातात आली असती.

रात्री पाचही डिस्कांवर स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच स्वतःला तपासायची, लांब चाचणी लावली. ४ टीबीला साधारण आठ तास लागतात, काम चालू असलं तर जास्त.

९ सप्टेंबर

चालत्या चारही डिस्का पास. नापास झाली ती स्पेअर.

लांब चाचणी मध्येच ‘वाचताना चूक’ म्हणून थांबली. गुण क्रमांक १९७, म्हणजे वाचता न येणारे आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर, २४. एकूण तब्येतीच्या ओळीत मात्र ‘पास’ लिहिलेलं. त्या ओळीवर कधीच जाऊ नका, ५, १९७, १९८ आणि १९९ हे चार गुण बघा.

डिस्क सुमारे ३८,००० तास वीज खाऊन बसली होती. म्हणजे चार वर्षांच्या वर फिरतेय आणि त्या काळात तिच्यावरून कुणी काही वाचलेलं नाही. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अ‍ॅरेची तपासणी चालवतं, पण ती फक्त अ‍ॅरेत भाग घेणाऱ्या डिस्का वाचते. स्पेअर त्यात नसते. शिवाय इथे स्मार्टच्या आपोआप चाचण्या कुणी लावलेल्याच नव्हत्या. कॅबिनेटमधली सगळ्यात कमी तपासलेली डिस्क तीच, आणि अडचणीत सगळ्यात आधी भिस्त तिच्यावर.

अण्णा म्हणाले, “अहो, चार वर्षं दिवा हिरवाच होता की तिचा!” होता. दिवा विजेचा असतो.

रेड-५ मधली एखादी डिस्क गेली असती तर या स्पेअरवर पुनर्बांधणी आपोआप सुरू झाली असती आणि कुठेतरी मधेच अडायची भीती होती. त्यामुळे ठरवलं की या यंत्रात आता हॉट स्पेअर ठेवायची नाही. फिरायचीच असेल तर डिस्कने अ‍ॅरेत जाऊन काम करावं, दर महिन्याला वाचली जावी. हॉट स्पेअरमुळे फक्त वेळ वाचतो, तोही यंत्राजवळ माणूस नसेल तेव्हा. इथे माझं घर स्टुडिओपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एक तपासलेली डिस्क कपाटात पुरेल. दूरच्या डेटासेंटरमध्ये यंत्र असेल त्याने हा निर्णय उचलू नये, तिथे हॉट स्पेअर हवीच.

स्पेअर काढायला आधी ‘फेल’ करावं लागत नाही, थेट ‘रिमूव्ह’ चालतं. काढल्यावर तिच्यावरचा सुपरब्लॉक, म्हणजे ती कुठल्या संचातली हे सांगणारी नोंद, पुसला. नाहीतर उद्या कुणीतरी ती पुन्हा लावेल आणि यंत्र तिला घरचीच समजेल.

चार नव्या डिस्का मागवल्या: तीन अ‍ॅरेसाठी, एक कपाटासाठी. एक डिस्क ११,८०० रुपये.

११ सप्टेंबर

डिस्का आल्या. दुकानदाराने तीन सांगितल्या त्या दिल्या, चौथी ‘तीच, फक्त नवं मॉडेल’ म्हणून वेगळी. मॉडेल नंबर तपासला तर ती एसएमआर निघाली. या प्रकारात डिस्कवरचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. भराभर लिहित राहिलं की डिस्क आतल्या आत आवराआवर करत बसते आणि वेग कोसळतो. पुनर्बांधणीत तर सतत लिहिणंच असतं. नासच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या यंत्राच्या, नावाने विकल्या जाणाऱ्या काही डिस्काही अशा असतात हे २०२० साली गाजलं होतं, तेव्हापासून मी खोक्यावरच्या विशेषणांऐवजी मॉडेल नंबर बघतो. डिस्क पाकीट न फोडता परत केली म्हणून दुकानदाराने कुरकुर न करता बदलून द्यायचं कबूल केलं. पाकीट फोडल्यावर हे जमलं नसतं.

उरलेल्या तिघींवर बॅडब्लॉक्स या खराब जागा शोधणाऱ्या आदेशाची लिहिण्याची चाचणी लावली. चार नमुने लिहायचे, चारही परत वाचायचे, म्हणजे डिस्क आठ वेळा टोकापासून टोकापर्यंत. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने एका फेरीला साडेसात तास, एकूण अडीच दिवस. वेळ जातो, पण नवी डिस्क मरायची असेल तर ती इथेच मेलेली बरी. ही चाचणी डेटा पुसते, म्हणून ती लावताना डिस्कचं नाव सिरियल नंबरवरून, बाय-आयडीच्या वाटेने दिलं.

१२ सप्टेंबर

मदरबोर्डवर साटाची, म्हणजे डिस्क जोडायची, सहा तोंडं. एसएसडी धरून आठ लागणार. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेलं एलएसआय ९२११-८आय कार्ड कुरिअरने मागवलं होतं, ३,४०० रुपये. आयटी मोडचं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) आधीच भरून मागा. त्यात कार्ड स्वतःची रेड लावायच्या भानगडीत पडत नाही, डिस्का जशा आहेत तशा सिस्टिमला दाखवतं.

कार्ड ओळखलं गेलं, डिस्का नाहीत. एकही नाही. कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं, वीज तपासली, फर्मवेअरवर संशय घेतला. संध्याकाळ गेली. दोष केबलचा. एका बाजूला एसएफएफ-८०८७ आणि दुसरीकडे चार साटा असलेली केबल दोन जातींची मिळते, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला हुबेहूब, आतल्या तारा उलट. कार्डाकडून डिस्कांकडे जायला फॉरवर्ड लागते. मी मागवताना चित्र पाहिलं, जात वाचली नाही. दोन केबलींचे १,५०० रुपये पाण्यात, कारण परत घ्यायची सोय नव्हती. योग्य जोडी १,९०० ला मागवली.

१४ सप्टेंबर, रविवार

तिन्ही डिस्का बॅडब्लॉक्समधून स्वच्छ बाहेर. त्यानंतर स्मार्टचे चार गुण पुन्हा पाहिले, सगळे शून्य.

आज यूपीएसची परीक्षा. भिंतीवरचं बटण बंद केलं आणि घड्याळ लावलं. यूपीएसच्या पडद्यावर १८ मिनिटं लिहिलेली, प्रत्यक्षात तीन मिनिटांत शिट्टी वाजून अंधार. बरं झालं, सर्व्हर त्यावर नव्हता, टेबलफॅन आणि दोन बल्ब लावले होते. १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या बदलल्या, २,३०० रुपये. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून एनयूटी बसवलं, म्हणजे बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. सांगली-मिरजेचा सप्टेंबर आहे, वीज जाणार हे धरूनच चालायचं.

१५ सप्टेंबर

चौथी डिस्क आली, ती कपाटाची, तिची चाचणी घरच्या मशिनवर लावली. केबली आल्या. चार जुन्या डिस्का मदरबोर्डवरून कार्डावर हलवल्या. लिनक्सची सॉफ्टवेअर रेड डिस्कवरच्या सुपरब्लॉकवरून स्वतःला ओळखते, कुठली डिस्क कुठल्या तोंडाला याचं तिला काही नाही. अ‍ॅरे पहिल्या झटक्यात उभी राहिली. नावं अर्थातच सगळी बदलली, पण चिठ्ठ्या होत्या.

कार्डाचं हीटसिंक दहा मिनिटांत हात लावता येईना. ही कार्डं सर्व्हरच्या सुसाट वाऱ्यासाठी बनलेली असतात, आपल्या कॅबिनेटमध्ये वारा नाही. ३५० रुपयांचा छोटा पंखा झिपटायने बांधला.

आणखी एक किरकोळ वाटणारी पण अ‍ॅरे मोडणारी बाब. खराब सेक्टर वाचताना डिस्क किती वेळ झगडत बसते? नासच्या डिस्का साधारण सात सेकंदांत हात वर करतात आणि रेड तो तुकडा बाकीच्यांकडून भरून काढते. साध्या डिस्का मिनिट-दोन मिनिटंही अडून बसतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र ३० सेकंद वाट बघतो आणि मग डिस्कच मेली असं समजून तिला हाकलतो. जुन्या चारांपैकी एकीवर ही मर्यादा लावलेलीच नव्हती. स्मार्टसीटीएलने ही मर्यादा (एससीटी-ईआरसी) ७० वर, म्हणजे सात सेकंदांवर ठेवली आणि तोच आदेश बूटच्या स्क्रिप्टमध्ये घातला, कारण वीज गेली की ती डिस्क तो विसरते.

१६ सप्टेंबर

आधी बॅकअपची बाब. या हंगामाचं आणि अल्बम अजून न दिलेल्या लग्नांचं सगळं काम दोन बाह्य डिस्कांवर उतरवलं, त्यातली एक अण्णांच्या घरी गेली. जुन्या लग्नांची दुसरी प्रत नाही. हे अण्णांना स्पष्ट सांगितलं, ते म्हणाले, करा. जोखीम त्यांनी समजून घेतली.

रेड-५ वरून रेड-६ वर जायच्या दोन वाटा. माझा मूळ बेत दोन टप्प्यांचा होता: आधी एक डिस्क घालून पाच डिस्कांची रेड-६, मग आणखी दोन घालून सात. सावध वाटतो, पण आहे तोट्याचा. एकच डिस्क वाढवली तर डेटाची जागा तेवढीच राहते, त्यामुळे प्रत्येक पट्टा, म्हणजे सगळ्या डिस्कांवर मिळून पसरलेला डेटाचा तुकडा, जिथे आहे तिथेच पुन्हा लिहावा लागतो. मध्येच वीज गेली तर जुनंही नाही आणि नवंही नाही अशी गत होऊ नये म्हणून प्रत्येक तुकडा आधी बॅकअप फाइलमध्ये जातो, तोही अगदी शेवटपर्यंत. फार संथ. एकापेक्षा जास्त डिस्का एकदम घातल्या तर लिहिणारं टोक वाचणाऱ्या टोकाच्या मागे पडतं आणि बॅकअप फाइल फक्त सुरुवातीच्या तुकड्यापुरती लागते. म्हणून एकाच आदेशात लेव्हल ६, डिस्का ७.

तिन्ही डिस्कांवर जीपीटी पार्टिशन, २०४८ व्या सेक्टरपासून, शेवटी १०० एमबी मोकळे. उद्या दुसऱ्या कंपनीची ४ टीबी डिस्क काही सेक्टरांनी लहान निघाली तर बदलताना अडायला नको. (जुन्या चारांवर आधीच तशी जागा सोडलेली होती, ज्याने कुणी केलं त्याचं भलं होवो.) बिटमॅप (कुठले तुकडे बदलले याची यादी) काढून ठेवला, डिस्का ‘अ‍ॅड’ केल्या, तिन्ही स्पेअर म्हणून दिसल्या. बॅकअप फाइल एसएसडीवरच्या रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य वापरकर्त्याच्या, घरात ठेवली. ती खुद्द अ‍ॅरेवर ठेवायची नसते.

संध्याकाळी आदेश दिला. एमडीस्टॅटमध्ये, म्हणजे रेडची स्थिती दाखवणाऱ्या फाइलीत, रीशेप (डेटा नव्या रचनेत मांडणं) ०.० टक्के, वेग शून्य. पाच मिनिटांनी शून्य. अर्ध्या तासानेही शून्य, आणि कुठल्याच डिस्कचा आवाज नाही.

इथे घाबरून रीबूट करू नका. सिस्टिमडीकडे, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या कार्यक्रमाकडे, विचारलं तर रीशेप पुढे नेणारी सेवा सुरू होताक्षणी पडलेली. सुरुवातीचा नाजूक तुकडा पार होईपर्यंत रेड सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडमची एक प्रक्रिया कर्नलला ‘इथपर्यंतच जा’ असं अडवून धरते आणि हळूहळू पुढे सोडते. ती प्रक्रियाच मेली तर कर्नल दाराशी उभा राहतो, त्याला आत जा म्हणणारं कुणी नसतं. हाताने ‘ग्रो, कंटिन्यू’ आणि बॅकअप फाइलची पूर्ण वाट दिली. डिस्का घरघरल्या, आकडा हलला. रात्रीचे नऊ.

वेग सेकंदाला २८ एमबी. स्ट्राइप कॅश, म्हणजे पट्टे हाताळायला राखलेली रॅम, मुळात २५६ असतो, तो ८१९२ केला. यात रॅम जाते: ८१९२ गुणिले ४ केबी गुणिले सात डिस्का, साधारण २३० एमबी. ८ जीबीत खपून गेलं. वेग ४४ वर. वेगाची खालची मर्यादाही १००० केबीवरून ५०,००० वर नेली, नाहीतर कुणी एक फाइल उघडली तरी रीशेप मागे सरून बसतो.

१७ सप्टेंबर

दुपारी धो धो पाऊस, वीज गेली. मी बाहेर होतो. यूपीएसने तग धरला, मग एनयूटीने सर्व्हर बंद केला. तीन तासांनी वीज आल्यावर चालू केला. रीशेप किती टक्क्यांवर आहे हे सुपरब्लॉकमध्ये लिहिलेलं असतं, तिथूनच ते पुढे चालू लागलं, यावेळी स्वतःहून. स्ट्राइप कॅश मात्र पुन्हा २५६ वर आला होता, तो आकडा रीबूटनंतर टिकत नाही. पुन्हा वाढवला.

या काळात फाइली उघडता येत होत्या. अण्णांच्या पुतण्याने एक अल्बमसुद्धा लावला. हळू चाललं म्हणाला.

१८ सप्टेंबर

सकाळी आलो तेव्हा रीशेप संपलेलं होतं. एमडीस्टॅटमध्ये सातही खणांपुढे यू, म्हणजे डिस्क चालू. बिटमॅप परत लावला. अ‍ॅरे आता १८.१९, म्हणजे विकत घेताना म्हणतात ते २० टीबी.

फाइलसिस्टिम ताणायला रीसाइझ२एफएस दिलं, माउंट असतानाच. हे एरवी मिनिटाभराचं काम असतं. उत्तर आलं: नवा आकार ३२ बिटांत मावत नाही.

ईएक्सटी४ ४ केबीच्या ठोकळ्यांनी जागा मोजतं. ठोकळ्याचा क्रमांक ३२ बिटांचा असेल तर गणित १०२४ च्या हिशेबाने १६ वर संपतं, आपल्याला हवेत १८. ई२एफएसप्रॉग्जच्या १.४३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, नवी फाइलसिस्टिम मुळातच ६४ बिटांची बनते. आपली २०१५ ची, डेबियन ८ च्या काळातली. डिस्का कितीदा बदलल्या तरी फाइलसिस्टिम त्याच मापाची राहिली. हे ८ तारखेलाच ट्यून२एफएसने पाहता आलं असतं: वैशिष्ट्यांच्या ओळीत ‘६४बिट’ आहे की नाही एवढंच बघायचं असतं. तुमची अ‍ॅरे जुनी असेल आणि १६ च्या पुढे जाणार असेल तर डिस्का मागवण्याआधी ते बघा.

१९ सप्टेंबर

फाइलसिस्टिमचं ६४ बिटांवर रूपांतर माउंट असताना होत नाही. सांबा, म्हणजे एडिटिंगच्या मशिन्सना फाइली देणारी सेवा, बंद केला, तरी अनमाउंट होईना. सर्व्हरवरच सुरू असलेला थंबनेल बनवणारा कार्यक्रम फाइली धरून बसला होता, त्याला मारलं.

क्रम असा: ई२एफएसके (फाइलसिस्टिमची तपासणी) सक्तीने, मग रीसाइझ२एफएस ‘बी’ पर्यायासह (हेच रूपांतर), पुन्हा ई२एफएसके, मग खरं ताणणं. व्हिडिओच्या फाइली मोठ्या आणि संख्येने कमी, म्हणून तपासणी अर्ध्या तासात आटोपली. लाखो लहान फाइली असतील तर रात्र धरा. मधलं रूपांतर चालू असताना पडद्यावर काही हलत नाही, त्याला हात लावू नका.

जागा वाढली. वर आणखी दोन गोष्टी. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. २० टीबीत तो १ टीबी होतो, डेटाच्या अ‍ॅरेवर त्याचा काही उपयोग नाही. एक टक्क्यावर आणला. आणि स्ट्राइड १२८, स्ट्राइप-विड्थ ६४० असं नव्या रचनेप्रमाणे लिहिलं: ५१२ केबीचा चंक (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) भागिले ४ केबी, गुणिले डेटाच्या पाच डिस्का.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या

मुद्दाम रीबूट. सगळं उभं राहिलं, पण रूटच्या टपालात ‘स्पेअर गायब’ असा इशारा. जुन्या कॉन्फिगरेशन फाइलीत अ‍ॅरेच्या ओळीवर ‘स्पेअर्स बरोबर १’ लिहिलेलं होतं, ते तसंच राहिलेलं. ओळ दुरुस्त करून इनिटरामएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल, नव्याने बनवलं.

त्या निमित्ताने कळलं की इशारे आजवर सर्व्हरवरच्या रूटच्या टपालपेटीत जात होते आणि ती पेटी कुणी कधी उघडलेली नव्हती. म्हणजे एखादी डिस्क मेली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. पत्ता बदलला, बाहेर मेल पाठवायची सोय केली, मॉनिटरच्या चाचणी पर्यायाने मेल पाठवून पाहिला. तो अण्णांच्या फोनवर स्पॅममध्ये सापडला, तिथून बाहेर काढला. त्याच बैठकीत स्मार्टच्या आपोआप चाचण्या लावल्या, दर आठवड्याला छोटी आणि महिन्याला लांब.

मग खरी परीक्षा: एक डिस्क हाताने ‘फेल’ केली. मेल मिनिटात आला. डिस्क काढून ‘री-अ‍ॅड’ केली, बिटमॅप असल्यामुळे फक्त मधल्या वेळात बदललेले तुकडे लिहिले गेले, क्षणात काम झालं. रेड-५ असती तर हा खेळ मी केला नसता.

कपाटातली डिस्क चाचणी पार करून आली. अँटिस्टॅटिक पिशवीत, वर सिरियल नंबर आणि तपासल्याची तारीख. ती पौषात आणि भाद्रपदात बाहेर काढून लांब चाचणी लावायची, दोन्ही वेळा स्टुडिओ रिकामा असतो. पुतण्याच्या फोनमध्ये आठवण लावली आहे.

खर्च: डिस्का ४७,२००, कार्ड ३,४००, केबली चुकीच्या धरून ३,४००, बॅटऱ्या २,३००, पंखा ३५०. एकूण ५६,६५० रुपये. माझी मजुरी वेगळी, ती अजून अण्णांकडे आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

महिन्याची पहिली तपासणी वाट न बघता सकाळी हाताने सुरू केली, साडेनऊ तास लागले. विसंगती शून्य. पाचव्या ट्रेतल्या डिस्कचा गुण १९९ मात्र शून्यावरून ४१ वर गेलाय. तो केबलवरच्या चुकांचा असतो, डिस्कच्या नव्हे. केबलीचं टोक काढून घट्ट बसवलं, झिपटाय जिथे तिला वाकवत होता तिथून सैल केला. हा आकडा कधी खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. संध्याकाळी एक मोठी फाइल चार वेळा कॉपी केली, ४१ वरच आहे. पुढच्या आठवड्यात वाढला तर केबल बदलायची.